माणसं झाकून पाहिलेली मोटार

सिमेंट कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाला मी त्याच्या वडिलांच्या फोटोवर बोट ठेवून सांगितलं, की यांचा आणि या मोटारीचा काही संबंध नाही. संबंध होता. मी आपणहून बरळलो असतो तर एक वेळ चाललं असतं, पण तो बिचारा कोरपन्याकडून दोन गाड्या बदलून खास एवढंच विचारायला चंद्रपुरात आला होता.

मोटारींबद्दल विचारायला लोक माझ्याकडे का यायचे, हे आधी सांगायला हवं, कारण माझ्याकडे मोटार नव्हती. स्कूटरही नव्हती. एक सायकल होती, आणि तिची चेन उतरली की मी तिला हाताने धरून दुकानापर्यंत नेत असे. मी एका शाळेत चित्रकला शिकवायचो. तरुणपणी रद्दीत परदेशी मासिकांचा एक गठ्ठा सापडला, त्यात जुन्या मोटारींची चित्रं होती. ती बघून बघून उतरवायचा नाद लागला. कुठल्या मोटारीचा रेडिएटर देवळाच्या कमानीसारखा, कुठलीचा घोड्याच्या नालेसारखा, कुणाच्या चाकांना लाकडी आरे, कुणाच्या तारांचे, कुणाचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले, हे मला पाढ्यांसारखं पाठ झालं.

चंद्रपुराकडच्या भागात जुन्या मालगुजारांच्या, लाकूडठेकेदारांच्या घरी बैठकीत एकतरी फोटो असतोच: मधे मोटार, बॉनेटवर मेलेला वाघ, मागे बंदूकवाले, आणि कडेला कोण कोण. मोटारी गेल्या, वाघही गेले, फोटो राहिले. घरच्या लोकांना फोटोतले आजोबा ओळखू यायचे, मोटार नाही. ती मी ओळखायचो. कंपनी, साल, विलायती की अमेरिकन, अशा किती बनल्या असतील, सगळं एका दमात. नावं इथे लिहीत नाही. तेव्हा ती इतक्या अधिकारानं घेतली आहेत, की त्यातली निम्मी चुकीची निघाली तर मोटारींची अब्रू जाईल. एकदा मूलच्या रस्त्यावरच्या एका घरी लग्नाच्या फोटोतली अतिशय दुर्मिळ फ्रेंच मोटार मी ओळखली, त्यावर अर्धा तास बोललो, दोन कप चहा प्यायलो. मग त्या घरातली सून म्हणाली, "भाऊजी, हा स्टुडिओतला पडदा आहे. मोटार रंगवली आहे त्याच्यावर." मी तिसरा कप मागितला नाही.

माझी एक पद्धत होती आणि तिचा मला फार अभिमान होता. पोस्टकार्डाच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या असत. फोटो आला की त्या पट्ट्यांनी मी माणसं झाकून टाकायचो. वाघ झाकायचा, बंदुका झाकायच्या, फेटे झाकायचे. माणूस दिसला की नजर त्याच्या मिशीवर जाते आणि मडगार्डाचा बाक निसटतो, असं मी सांगत असे. लोक मान हलवायचे. माझी बायको मात्र म्हणायची, "झाका, झाका. एक दिवस आरशासमोर बसून स्वतःवरही एक पट्टी ठेवा."

तर तो माणूस आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांत कितीही धुतली तरी न जाणारी सिमेंटची धूळ. प्लॅस्टिकच्या पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात कापडात गुंडाळलेला फोटो. एक कोपरा उडालेला, बाकी शाबूत. वडील वारून वर्ष होत आलं होतं, आणि वडिलांचा हा एवढाच फोटो होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "बाबाचं वर्षाचं पुण्यानुमोदन आहे पौर्णिमेले. फोटो मोठा करून विहारात लावाचा आहे. खाली एक ओळ लिहाची आहे, बाबा काय होते मनून. मले तेवढं सांगा."

"काय होते ते तुम्हाला माहीत नाही?"

"मले माहीत आहे. पन काका मानत नाई." त्यानं आवाज खाली घेतला. "बाबा धानोऱ्याकडं एका ठेकेदाराच्या मोटारीवर होते, लढाईच्या टायमाले. जनमभर सांगत, मी नसलो तं मोटार जागची हालत नव्हती. काका म्हणते, ड्रायव्हर तं दुसराच होता, तुहा बाप मोटारीमागं धावे. आता विहारात सगळ्या लोकाइसमोर खोटी ओळ लागली, तं बाबाचं सारंच खोटं होते ना, गुरुजी."

मला त्यातलं 'मोटारीवर' एवढंच ऐकू आलं. मी पट्ट्या काढल्या.

मोटार उत्तम होती. अमेरिकन, उघड्या टपाची नव्हे तर बंद, मागे छोटी चौकोनी काच, बाजूला मडगार्डात बसवलेलं जादा चाक. दहा मिनिटांत तिची कुंडली मांडून मी मोकळा झालो. मग त्याच्या आग्रहाखातर पट्ट्या उचलल्या. स्टिअरिंगवर टोपीवाला ड्रायव्हर. पुढच्या दाराशी पांढऱ्या कोटातला ठेकेदार. मोटारीच्या मागे पत्र्याचा उंच गोल बंब. आणि बंबाला हात लावून एक सडपातळ, काळासावळा, उघड्या अंगाचा माणूस.

"हे बाबा," तो म्हणाला.

आता माझ्यातला चित्रकलेचा मास्तर जागा झाला. मी त्याला दूरजवळचा खेळ समजावून दिला. फोटोत लांबची वस्तू जवळच्या वस्तूला चिकटल्यासारखी दिसते. माणसाच्या डोक्यावर झाड उगवल्यासारखं वाटतं, तसं. बंब मोटारीचा नाही, मागे बंगल्याच्या अंगणातला आहे. ठेकेदाराच्या अंघोळीचा. तुमचे वडील पाणी तापवत असतील, फोटो काढायच्या वेळी सहज तिथे उभे राहिले. तेव्हा यांचा आणि मोटारीचा...

वाक्य मी पूर्ण केलं. ते वर लिहिलंच आहे.

तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "पाणी तापवत होते." मग म्हणाला, "बरं." समोरचा चहा संपवला, कपबशी स्वतः उचलून आत नेऊन दिली, फोटो कापडात, कापड पिशवीत, पिशवी पिशवीत घातली. दारात माझ्या बायकोला नमस्कार केला आणि गेला.

बायको म्हणाली, "काय सांगितलं हो त्याला?"

"खरं ते."

"त्याचं तोंड पाह्यलं का?"

मी मोटार पाहिली होती.

पुढच्या रविवारी सकाळी दारात एक म्हातारी उभी. नऊवार लुगडं, पांढरं, डोक्यावरून पदर, हातात तीच पिशवी. मागे तो कोरपन्याचा माणूस, तिचा मुलगा, चेहऱ्यावर आईचं बोलणं ऐकून घेतल्याचा भाव.

"कोन होय थो मास्तर?" तिनं माझ्याकडेच बघत विचारलं.

"मी, बाई. या, बसा."

"बसत नाई. तुमच्या घरी बंब आहे काय?"

बंब होता. मागच्या अंगणात, न्हाणीच्या दाराशी, तांब्याचा, आणि पेटलेलाही होता. म्हातारी सरळ घरातून चालत मागे गेली. माझी बायको बाजूला झाली. मुलगा आणि मी मागोमाग. म्हातारी बंबासमोर उभी राहिली, त्याला वरून खाली पाहिलं.

"असा?"

"साधारण असाच."

"अन् याच्यात पानी टाके माहा माणूस. त्या ठेकेदाराच्या आंघोळीचं."

"तसं दिसतं, बाई."

"गुरुजी, तुमचं वय काय? तुमच्या बापाच्या घरी, तुम्ही लहान होते तवा, आमच्या हातचं पानी चाले काय? आंघोळीले? हातपाय धुवाले?"

 माझ्या वडिलांच्या घरी लाकूड फोडायला एक माणूस यायचा. तो फाटे अंगणाच्या बाहेर रचून ठेवी आणि तिथूनच परत जाई. बंबाजवळ मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात त्याला पाणी वरून ओततानाही पाहिलं होतं, ओंजळीत. हे सगळं मला ठाऊक होतं. कुणी परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलंही असतं. ज्या बंबाला त्यानं हात लावला, तो बंब अंघोळीचा असूच शकत नाही, एवढं एक गणित मला फोटो बघताना सुचलं नव्हतं.

"त्याले बंबाले हात लावू देत असन थो ठेकेदार, तं मंग थो माणूसच मोठ्या मनाचा होता," म्हातारी म्हणाली. "पन तसा नव्हता. मंग हे काय होय, थे सांगा. तुम्हीच इगाडलं, तुम्हीच सांगा."

"माय, बस आता," मुलगा म्हणाला.

"तू चूप. पाणी तापवत होते म्हणे! घरी येऊन रडला हा पोट्टा, पन्नास वर्साचा."

त्यांनी फोटो माझ्याकडे ठेवला. पौर्णिमा जवळ आली होती.

त्या दुपारी मी पट्ट्या ड्रॉवरमध्ये टाकल्या, भिंग घेतलं आणि खिडकीत बसलो. या खेपेला मोटारीपासून सुरुवात केली नाही. त्या माणसाच्या हातापासून केली. हात बंबावर ठेवलेला होता खरा, पण बोटांत काहीतरी होतं, एक लांब सळई, टोकाला वाकवलेली. अंगावर डाग होते. मला ते फोटोवरचे वाटले होते. बंबाच्या बुडाशी एक छोटं दार. बाजूने एक नळी निघून मोटारीच्या पायफळीखाली शिरली होती, आणि पुढे, मी ज्या बॉनेटचं इतकं कौतुक केलं होतं, त्याच्या पोटाखाली पुन्हा तीच नळी दिसत होती. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे सावली. बंब जर मागे अंगणात असता, तर त्याची सावली वेगळी पडली असती. इथे मोटारीची आणि बंबाची मिळून एकच सावली होती, अखंड. वर्षानुवर्षं मी पोरांचे सावलीचे मार्क कापत आलो होतो.

बंब मोटारीलाच जोडलेला होता. कशासाठी, ते मला कळेना. माझ्या मासिकांत असली मोटार नव्हती. मग क्षणभर मला वाटलं, ही वाफेवर चालणारी मोटार! देशात एखादीच असेल! आणि मी ती ओळखली! हा किडा डोक्यात येताच मी उठून पाणी प्यायलो. लग्नाच्या पडद्याची आठवण काढली. ठरवलं, की या वेळी आपण काही ओळखायचं नाही, विचारायचं.

धानोऱ्याकडे विचारत विचारत गेलो; त्या ठेकेदाराचा बंगला अजून उभा होता. ठेकेदार कधीच वारला होता. त्याची मुलगी, सत्तरीकडे झुकलेली, विधवा, एकटीच तिथे राहत होती. आवारात मोहफुलं वाळत घातली होती. मी फोटो तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला आणि हसायलाच लागली.

"कोळशाची मोटार!"

महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा तिच्या वडिलांनी नागपूरहून ही भट्टी बसवून आणली होती. पेट्रोल नव्हतं, पण लाकूडकोळसा हवा तेवढा. जंगल त्यांचंच होतं, असं त्यांना वाटायचं. भट्टीत कोळसा धुमसत ठेवायचा, त्याचा धूर गाळून नळीनं इंजिनात जायचा, आणि त्या धुराच्या गॅसवर मोटार चालायची. चालायची म्हणजे, मागचा माणूस चालू ठेवील तोवर.

"ड्रायव्हर रोज बदलत होते, भाऊ," ती म्हणाली. "कोणी टिकत नव्हतं. मला एकाचंही तोंड आठवत नाही. पण हा एकच होता. हा मागे पाय ठेवायची फळी होती ना, तिच्यावर उभा राही. आत बसायचा प्रश्नच नव्हता, तेव्हाचं तुम्हाला माहीतच आहे. निघायच्या कितीतरी आधी येऊन हा आग घालायचा, पंखा फिरवायचा. चढावर मोटार दम टाकायची. मग बाबा आतून ओरडायचे, आणि हा उडी मारून खाली. सळईनं राख पाडायची, कोळसा खालीवर करायचा, पुन्हा पंखा. ते कसब दुसऱ्या कुणाला जमलंच नाही. एकदा याला ताप आला, तर आम्ही लग्नाला बैलगाडीनं गेलो. बाबा दारात मोटारीला शिव्या देत होते."

मी विचारलं, "याला तुम्ही नीट पाहिलं होतं?"

"मी मागच्या सीटवर उलटी बसायची. आई ओरडायची. पण मागच्या काचेतून हा दिसायचा ना. पूर्ण काळा झालेला. मी त्याला वेडावून दाखवायची. आणि हा, आत कुणाचं लक्ष नाही असं पाहून, मला जीभ काढून दाखवायचा. त्या काळ्या तोंडात ती लाल जीभ!" ती पुन्हा हसली, आणि हसता हसता थांबली. "काच उघडत नव्हती ती. मी कधी त्याच्याशी बोलले नाही. बोलू देत नव्हते."

"नाव आठवतं?"

तिनं फोटो खाली ठेवला. "नाव नाही माहीत. घरात सगळे त्याला 'कोळशा' म्हणत. मीही म्हणायची. 'ए कोळशा.' वडिलांच्या वयाचा नसेल, पण मोठाच होता माझ्याहून."  मी निघालो तेव्हा म्हणाली, "त्यांच्या घरी सांगा, की एक मुलगी त्यांना विसरली नाही म्हणावं. बाकीचं नका सांगू."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून ठरवलं, की बाकीचं सांगायचं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन कोरपन्याच्या गाडीत बसलो. फोटोखालची पाटी मीच रंगवून देतो म्हटलं होतं. घराच्या ओट्यावर मोठा केलेला फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. मुलगा, म्हातारी, आणि चुलता, ज्याच्यामुळे हे सारं सुरू झालं तो. पान चघळत, मी काय सांगतो याची वाट बघत. मी सगळं सांगितलं. भट्टी, नळी, सळई, मागची फळी, चढ, ताप, बैलगाडीतलं लग्न.

चुलत्यानं पान थुंकलं. "म्हंजे मोटार खरंच हालत नव्हती?"

"नव्हती."

"आँ. अन् मी जनमभर त्याले..." तो सरकून फोटोजवळ आला. मग म्हणाला, "मले काऊन नाई सांगतलं त्यानं, भट्टी होती मनून?"

"तू आयकत होता का?" म्हातारी म्हणाली. "मोटार म्हटलं का तू हासे."

मग मी जिभेची गोष्ट सांगितली. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती.

"थोच होय! तसाच होता. माह्या मायसमोर बी तशीच जीभ दाखवे मले, नवी नवरी होती मी. घरी ये तवा दात अन् जीभ तेवढीच दिसे." तिनं फोटोकडे पाहिलं. "पोरीले दाखवे काय? मोठ्या घरच्या? हिंमत होती."

 मुलगा उठला, घरातून खडू घेऊन आला आणि जमिनीवर ओळ लिहून दाखवली: 'कोळशाच्या मोटारीची भट्टी सांभाळत.' म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं वाचून घेतली आणि म्हणाली, "अन् थे लिहा ना, थो म्हणे थे. माह्याबिगर हालत नव्हती."

तेही लिहायचं ठरलं. मी पाटी मांडीवर घेतली, ब्रश बुडवला. अक्षरं काढत असताना म्हातारी शेजारी येऊन बसली.

"गुरुजी, थे लोकं त्याले काय म्हणत होते? नावानं हाक मारत होते काय?"

ब्रश थांबला नाही, पण अक्षर ओळीखाली घसरलं. "हो. म्हणजे... भाऊ म्हणत. भट्टीवाले भाऊ. मान होता त्यांना."

"भाऊ."

"हो, बाई."

"बंबाचं सांगतलं तवा तुमचा आवाज कसा खनखन वाजे. आता काऊन अडकून राह्यला?" ती हसली नाही, रागावलीही नाही. "कोळशा म्हणत होते. थोच सांगे मले. घरी येऊन म्हणे, आज कोळशाले खूप काम होतं. तुम्ही लपवलं, चांगलं केलं, पोट्ट्यासमोर नका बोलू. पन मले नका शिकवू."

मी मान खाली घालून अक्षर पूर्ण करायला लागलो. म्हातारी वाकून पाटीकडे बघत राहिली, मग मुलाला हाक मारून म्हणाली, "ये रे, पाह्य इथं. ओळ पूरी वाकडी करून राह्यले. चित्रकलेचे मास्तर म्हणे!"